स्वप्नात भान यावं म्हणून दिवसाची सवय



आज बचत, हप्ता, व्याज, शेळीपालन यांतलं काहीच बोलायचं नाही. आज बोलायचं आहे स्वप्नांविषयी. कुणी म्हणेल, "पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, शेतावर जायचं, यातून ह्या बायांना स्वप्नं कुठून सुचली?" सुचायला कारण आहे. आम्ही समन्वयक गावोगाव बैठका घेतो. पैसे जमा होतात, वही बंद होते, बाया उठतात. दोघीतिघी मात्र मागं रेंगाळतात. तेव्हा जे बोलणं निघतं ते कुठल्याच वहीत येत नाही, आणि त्यात झोपेचा विषय हमखास असतो.

कुणाला पडकं घर दिसतं. कुणाला विहिरीत पाय घसरतो. कुणाला वारलेला नवरा दारात उभा दिसतो आणि तो बोलतच नाही. कुणाच्या स्वप्नात वसुलीवाले येऊन ओसरीवर बसतात. "पळायला बघते माय, पण पायच उचलंना," असं एकीनं सांगितलं की बाकीच्या माना हलवतात. आणि पुढचं वाक्य बहुतेक तेच असतं: "मग झोपायचीच भीती वाटते बगा."

दिवसभर राबणाऱ्या बाईला विश्रांती म्हणून झोप तेवढीच. तिचीही भीती वाटू लागली तर तिनं जायचं कुठं? म्हणून आज एक सवय सांगतो. तिला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, घरातल्या कुणाची परवानगीही लागत नाही. दिवसा काम करता करता मधेच थांबायचं आणि स्वतःला खरोखर विचारायचं, "मी आत्ता जागी आहे की स्वप्नात?" हे रोज केलं की कधीतरी हाच प्रश्न स्वप्नातही उठतो. आणि झोपेतच कळतं, अगं, हे तर स्वप्न आहे! अशा स्वप्नाला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. आपण भानाचं स्वप्न म्हणू या. म्हणजे झोप चालू आहे, स्वप्नही चालू आहे, आणि आपल्याला त्याचं भान आहे.

हे खूळ आजचं नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत, पहिल्याच पादात, मन स्थिर करायचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत स्वप्नाच्या आणि झोपेच्या ज्ञानाचा आधार घ्यावा असाही एक उपाय आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत तर स्वप्नाची वेगळी साधनाच आहे. तीत दिवसा वावरतानाही 'हे सगळं स्वप्नासारखं आहे' अशी आठवण ठेवायला शिकवतात. म्हणजे दिवसाच्या सवयीची ही गोष्ट शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांनाही ठाऊक होती.

आणि आपल्या मराठवाड्यातल्या संत बहिणाबाई? वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या. सतराव्या शतकातल्या. लहानपणीच मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न झालेलं. तुकोबांची प्रत्यक्ष भेट होण्याआधीच त्यांना तुकोबांचा उपदेश स्वप्नात मिळाला. नवऱ्याला ते पटलं नाही, मारहाणही झाली. हे सारं त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. त्यांचं स्वप्न हे भानाचं स्वप्न होतं असं आम्ही म्हणत नाही. पण एका बाईनं आपल्या स्वप्नाला किंमत दिली, ते शब्दांत ठेवलं, एवढं तर आपण त्यांच्याकडून घेऊ शकतो.

आता शास्त्र काय सांगतं ते पाहू. झोपेत आपलं मन एकाच पायरीवर बसून राहत नाही. साधारण दीड तासाचा एक फेरा असतो. आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. झोपलेल्या लेकराकडं नीट बघितलंत तर दिसेल. त्या वेळी हातपाय मात्र सैल पडलेले असतात, मेंदूच त्यांना आवरून धरतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खाटेवरून उठून पळालो असतो. रात्रीच्या सुरुवातीला हा स्वप्नांचा भाग छोटा असतो आणि पहाटेकडं लांबत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडं म्हणतात. खरं होत असेल-नसेल, पण ते जास्त आठवतं ते यामुळं. पहाटे स्वप्नं लांब पडतात आणि त्यातूनच आपण थेट उठतो.

झोपलेल्या माणसाला खरंच भान असतं हे सिद्ध कसं केलं, तेही ऐकण्यासारखं आहे. हातपाय सैल असले तरी डोळे हलतात. मग झोपण्याआधीच ठरवायचं, की स्वप्नात भान आलं तर डोळे डावीकडं-उजवीकडं ठरलेल्या वेळा हलवायचे. इंग्लंडमध्ये हल इथल्या विद्यापीठात १९७५ साली कीथ हर्न यांनी एका माणसाच्या डोळ्यांच्या अशा खुणा यंत्रावर टिपल्या. नंतर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. माणूस गाढ झोपलेला, आणि आतून खुणेनं सांगतोय, मला कळलंय.

हे किती जणांना जमतं? पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला गेला. त्यात १०० पैकी सुमारे ५५ जणांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेलं होतं. महिन्यातून एकदा किंवा त्याहून जास्त पडणारे २३ होते. म्हणजे हे अघटित नाही. आपल्या बैठकीत विचारलंत तर एखादी नक्की म्हणेल, "हो, मला कळलं होतं की हे सपान आहे, म्हणून मी भ्यालेच नाही."

आता दिवसाच्या सवयीनं हे का घडतं? मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण आपल्या आज्यांनी अनुभवातूनच केली असणार. सोयाबीनची काढणी आली की रात्री झोपेतही विळा चालतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा घागरीची रांग झोपेतसुद्धा संपत नव्हती, असं कितीतरी जणी आजही सांगतात. दिवसभर जे हात करतात, मन करतं, तेच रात्री पुढं चालू राहतं. मग दिवसभरात दहा वेळा आपण थांबून विचारलं की 'मी जागी आहे का', तर तोही दिवसाचाच एक भाग झाला. तोही रात्री येणार.

जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ पॉल टोलाय यांनी हाच प्रश्न दिवसातून पाच ते दहा वेळा विचारायला सांगितला होता. त्यांची अट एकच होती, प्रश्न मनापासून विचारायचा. आपल्याला हे चांगलं कळेल. बैठकीचा ठराव न वाचता सही ठोकून देणारी एखादी सदस्य असते. सही असते, पण ठराव काय होता ते तिला ठाऊक नसतं. "मी जागी आहे का? हो आहे," असं घाईनं म्हणून पुढं जाणं म्हणजे तशीच सही. स्वप्नातही आपण घाईनं "हो, जागीच आहे" म्हणून सही करून मोकळ्या होऊ!

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. या सवयीच्याही पाच गोष्टी सांगतो.

पहिली, झोप. रोज शक्य तितक्या ठरावीक वेळी झोपा आणि पुरेशी झोपा. झोप कापली की पहाटेचा भाग कापला जातो, म्हणजे स्वप्नांचाच मोठा वाटा जातो. रात्री अंथरुणात मोबाईलवर मालिका बघत बसणं आधी कमी करा.

दुसरी, आठवण. सकाळी जाग आली की लगेच उठून चुलीकडं धावू नका. डोळे मिटून, आहात त्याच कुशीवर दोन मिनिटं पडून राहा. काय दिसलं? कोण होतं? मन कसं होतं? एखादाच तुकडा हाती लागेल, तोही चालेल. लिहिता येत असेल तर उशाशी वही-पेन ठेवा, दोन ओळी पुरेत. लिहिता येत नसेल तर मोबाईलमध्ये आवाज भरून ठेवा किंवा जाऊबाईला सांगा. फ्रेडरिक व्हान एडन नावाच्या डच डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अशी स्वप्नांची वही ठेवली होती. 'ल्युसिड ड्रीम' हे नाव रूढ झालं ते १९१३ साली त्यांनी लिहिलेल्या लेखामुळं. पैशाच्या बचतीसारखंच हे आहे. रोज थोडं टाकलं की आठ-पंधरा दिवसांत साठलेलं दिसतं.

तिसरी, खूण. पंधरा दिवसांची स्वप्नं पुढं ठेवली की कळतं, काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. माहेरचं जुनं घर. वारलेली माणसं जिवंत. सुटलेली एसटी. न सापडणारं लेकरू. परीक्षेचा पेपर. हलकंच न होणारं पाऊल. ही आपली खूण. प्रत्येकीची वेगळी. ती ओळखून ठेवा आणि दिवसा त्या गोष्टीची आठवण आली, फोटो दिसला, विषय निघाला की थांबा आणि प्रश्न विचारा.

चौथी, तपासणी. प्रश्न विचारला की उत्तर तपासून घ्यायचं. तीन तपासण्या आमच्या बायांना सोप्या वाटल्या. एक, नाकाची. दोन बोटांनी नाक दाबा, तोंड मिटा आणि हळूच श्वास घ्यायचा प्रयत्न करा. जागेपणी श्वास येणार नाही. स्वप्नात येतो, कारण खाटेवर झोपलेल्या शरीराचं नाक मोकळंच असतं. दोन, हाताची. तळहात समोर धरा, बोटं मोजा. स्वप्नात बोटं कमी-जास्त होतात, वितळल्यासारखी दिसतात. तीन, वाचायची. मोबाईलवरची वेळ किंवा पासबुकातली रक्कम बघा, नजर फिरवा, पुन्हा बघा. स्वप्नात अक्षरं-आकडे सहसा बदलतात. पुस्तकांतून चौथीही सांगतात, की विजेचं बटण दाबून बघा, स्वप्नात दिवा नीट लागत नाही. पण आपल्याकडं जागेपणी तरी बटण दाबलं की दिवा कुठं लागतोय! म्हणून ती तपासणी आपण सोडून देऊ.

तपासणीआधी चार क्षण आजूबाजूला बघा. मी इथं कशी आले? मघाशी कुठं होते? पायाखाली काय आहे? कुठला आवाज येतोय? जागेपणी या प्रश्नांची उत्तरं ओळीनं मिळतात. स्वप्नात 'इथं कशी आले' याचं उत्तरच नसतं, आपण एकदम तिथं असतो.

हे कधी करायचं? वेगळा वेळ काढायला सांगितलं तर कुणाला जमणार नाही. म्हणून रोजच्या कामाला ही तपासणी बांधून टाका. उंबरा ओलांडताना. नळाला पाणी येऊन घागर भरत असताना. चुलीवर दूध ठेवलं की. एसटीची वाट बघताना. बैठकीत सही करताना. आणि काही विचित्र घडलं, खूप भीती वाटली किंवा राग आला, की तेव्हा तर नक्कीच, कारण स्वप्नातही विचित्र प्रकार आणि भीतीच जास्त असते. फक्त रस्ता ओलांडताना, कडबा कुट्टीवर किंवा मळणी यंत्रापाशी असताना करू नका. तिथं लक्ष कामातच पाहिजे. आणि उंचावरून उडी मारून, चटका घेऊन तपासायचं नाही. कधीच नाही.

पाचवी, निश्चय. रात्री पडल्यावर, डोळा लागायच्या आधी, मनाशी सावकाश म्हणायचं: "आता स्वप्न पडेल तेव्हा मला कळेल की हे स्वप्न आहे." आणि कालचंच एखादं स्वप्न डोळ्यासमोर आणून, त्यात आपल्याला भान आलं आहे असं चित्र रंगवायचं. ही पायरी गाळू नका. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेड विद्यापीठाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की आठवडाभर नुसती दिवसाची तपासणी केलेल्यांना फारसा फरक पडला नाही. ज्यांनी तपासणी केली, पाच तास झोपून थोडं जागं होऊन पुन्हा झोपले आणि झोपताना असा निश्चय केला, त्यांना मात्र त्या आठवड्यात १०० पैकी सुमारे १७ रात्री भान आलं. दिवसाची सवय हा पाया आहे, पण भिंत निश्चयानं उभी राहते.

त्यातलं मधेच जागं होणं आम्ही मुद्दाम सांगत नाही. गजर लावून झोपमोड करू नका. आपल्या वाट्याला जाग तशीही येतेच. लेकरू रडतं, रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करायला उठावं लागतं, पहाटे पाणी सुटतं. अशी जाग आलीच आहे, आणि परत तासभर पडायला मिळणार आहे, तर तेवढ्यात निश्चय करून झोपा. ती वेळ सर्वांत चांगली.

आता समजा भान आलं. पहिल्या वेळी काय होतं? आनंद इतका होतो की जागच येते. म्हणून भान आलं की घाई नाही. स्वप्नातले दोन्ही हात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, पायाखालची जमीन बघा. स्वप्न थोडं स्थिर होतं. मग हवं ते करा. उडून बघा, माहेरी जाऊन या, वारलेल्या आईशी बोला. काही बाया सांगतात की त्या नुसत्याच शेताच्या बांधावर बसल्या, काही काम नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. तेवढंच त्यांना पुरलं.

आणि वाईट स्वप्न असेल तर? टोलाय यांचा सल्ला होता, की पळू नका, वळून बघा. मागं लागलेल्याला विचारा, "तू कोण? काय पाहिजे?" आपल्याला ठाऊक असतं की हे स्वप्न आहे, अंगाला इजा होणार नाही. वळून बघितलं की अनेकदा तो आकार लहान होतो, बदलतो, बोलू लागतो. नाहीच धीर झाला तर स्वप्नातच दार उघडून बाहेर पडा किंवा ओळखीच्या माणसाला हाक मारा.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला वेगळं वजन आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. घरं पुन्हा उभी करताना गावोगाव बायाच संवाद सहायक म्हणून पुढं आल्या, घराघरांत जाऊन बांधकामाची माहिती दिली. इथल्या कितीतरी महिला मंडळांची, गटांची सुरुवात त्या कामातून आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणी तेव्हा तान्ह्या होत्या, काहींचा तर जन्मही झाला नव्हता. पण ज्या आज्या, आत्या, मावशा तेव्हा ढिगाऱ्यातून निघाल्या त्या आमच्या गटांत आहेत. त्यांतल्या काही जणी आजही चारच्या सुमाराला दचकून उठतात. ती वेळ स्वप्नांच्या झोपेची असते हे मघाशी सांगितलं. घर नवं मिळालं, पत्र्याचं, सिमेंटचं मिळालं, पण झोपेतलं माळवद अजून पडतंच आहे.

अशा बायांना एकदम "स्वप्नात वळून बघा" असं सांगणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी दिवसाउजेडीच करायचा एक उपाय आहे. पुन्हा पुन्हा पडणारं स्वप्न दिवसा, सोबत कुणी असताना, आठवायचं आणि त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा. कसाही. भिंत पडायच्या आधीच सगळे अंगणात आले. लेकराचा हात सुटला नाही. वसुलीवाला दारातूनच परत गेला. मग हे बदललेलं स्वप्न रोज पाच-दहा मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. जुनं उगाळायचं नाही, नवंच घोळवायचं. सर्वांत भयंकर स्वप्न पहिल्यांदा घेऊ नका, साधं, थोडं कमी वाईट असलेलं घ्या. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ बायांबरोबर बॅरी क्राकाव या डॉक्टरांनी ही पद्धत तपासली. २००१ साली तो अभ्यास छापून आला. उपाय शिकलेल्या बायांची वाईट स्वप्नं कमी झाली, झोप सुधारली.

नेदरलँड्समध्ये २००६ साली २३ जणांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात भानाच्या स्वप्नाची शिकवणी देऊन पाहिली. वाईट स्वप्नं कमी झाली. यातली गंमत अशी, की ज्यांना भान आलंच नाही त्यांचीही कमी झाली. आम्हाला यातून एवढं समजतं, की स्वप्नापुढं आपण अगदीच लाचार नाही हे कळलं तरी मनाचा भार उतरतो. म्हणून महिनाभर सवय करूनही भान आलं नाही तर खट्टू होऊ नका. दिवसात दहा वेळा थांबून, श्वास घेऊन, 'मी आत्ता इथं आहे' हे बघणं वाया जात नाही.

आता सावधगिरी. कानात आवाज येतात, खरं काय आणि भास काय यात गोंधळ होतो, अशा कुणाला असेल तर तिनं हा प्रयोग करू नये. मनाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाईट स्वप्नं पडू शकतात. तसं वाटलं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि सवय लागल्यावर झोप उडू लागली, दिवसाही सगळं खोटं-खोटं वाटू लागलं, तर तिथंच थांबा.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. घरात लगेच भुताचं नाव निघतं. ते भूत नसतं. मन जागं झालेलं असतं आणि हातपाय अजून स्वप्नाच्या झोपेत सैल असतात, एवढंच. थोड्याच वेळात सुटतं. श्वास शांत ठेवा, एक बोट हलवायचा प्रयत्न करा. झोप अपुरी झाली की, उताणं झोपलं की हे जास्त होतं.

स्वप्नात भूत आलं म्हणून उतारा, गंडा, अंगारा यात पैसे घालू नका. कुणी भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि स्वप्नात दिसलेल्या आकड्यावर मटका लावणाऱ्या घरच्या पुरुषांनाही जरा सांगा, की स्वप्नातला आकडा दुसऱ्यांदा बघितला तर बदलतो!

स्वप्नांमुळं आठवड्यात दोन-तीनदा झोप मोडत असेल, दिवसाही तीच दृश्यं डोळ्यापुढं येत असतील, जगणं नको वाटत असेल, तर एकटीनं सोसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आशाताईला सांगा, त्या लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत वाट दाखवतील. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेडं असणं नव्हे. गुडघा दुखला की जातो तसंच हे.

शेवटी गटासाठी एक सुचवतो. पुढच्या बैठकीत वही बंद झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. दोन नियम करा. ज्या बाईला सांगायचं आहे तिनंच सांगायचं, कुणाला आग्रह नाही. आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हसायचं नाही, अर्थ लावायचा नाही. "दात पडला म्हणजे अमकं होणार" असं म्हटलं की सांगणारी गप्प बसते. एकीनं दुसरीची जोडीदारीण व्हावं, नळावर भेटलं की विचारावं, "काय गं, जागी आहेस का?" दोघीही हसतील, आणि दोघींचीही तपासणी होऊन जाईल. एका महिन्यानं पुन्हा बोला, कुणाला काय आठवलं, कुणाची झोप सुधारली, कुणाला काहीच झालं नाही. जे असेल ते आम्हाला कळवा, या कार्यक्रमात त्यावर पुन्हा बोलू.

आज रात्री मोबाईल थोडा लवकर बाजूला ठेवा आणि उशाशी वही ठेवून झोपा.